दोन गाठींची दोरी

नको नको, दोरीने मोजू नका, मिस्त्री — ती गुंडी ठेवा पिशवीत, टेप घ्या. तो काय, खिडकीच्या कट्ट्यावर, पिवळा. प्लॅस्टर बसलंय त्याच्यात, जरा हिसका दिला की सुटतो. आणि आधी तेवढा पडदा ओढून घ्या. — हो, अंधार होणार, ठाऊक आहे मला, दिवा लावतो ना मी. हा लावला. आता कसं, बघा, तुमची सावली भिंतीवर पडत नाही, पायाशीच थोडीशी आहे. आता मोजा खुशाल. किती भरलं — साठ बाय चाळीस? फोनवर मी पन्नास म्हणालो होतो. तेव्हा पन्नासच होतं, नंतर मी अजून फोडलं.

कुणी फोडलं म्हणजे? मीच. छिन्नी आणि हातोडी घेऊन. आणि लावलं कुणी — तेही मीच, म्हणजे मी आणि माझा भाऊ. कामेन. येताना खाली बिल्डिंगच्या दारावर मयताचा कागद बघितला असेल ना तुम्ही, फोटोवाला — तो. हा चाळिसाव्या दिवसाचा, नवा. पहिला पावसाने गेला. टोपी घातलेला फोटो लावलाय, कारण टोपीशिवायचा एकही सापडला नाही. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. असो. तुम्ही कॉफी घेणार? नाही? बरं. मी करत होतो, पण गॅस पेटवायचा म्हणजे फ्रिज सरकवावा लागतो, आणि फ्रिज सरकवला की त्याचं दार रेडिएटरवर आपटतं. आम्ही मोजूनच ठेवलं होतं सगळं. रेडिएटर तेवढा मोजायचा राहिला.

तुम्ही मनात म्हणत असाल, मिस्त्री का नाही बोलावला तेव्हाच. अहो, आपल्याकडे कोण बोलावतं? आमच्या बापाने घर स्वतःच्या हाताने बांधलं, त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधलं — दोन्ही वाकडी, पण उभी आहेत. आणि मी तीस वर्षं बस चालवलेली, रस्त्यात बंद पडली की मीच खाली शिरायचो, मीच सुरू करायचो. भिंत तर जागची हलतही नाही, तिला काय घाबरायचं? बायको माझी स्पेनमध्ये आहे, झिव्का, एका म्हातारीला सांभाळते — उठवायचं, बसवायचं, भरवायचं — ऑगस्टअखेर येणार. मी म्हटलं, तिला स्वयंपाकघर नवं करून दाखवू. कामेनला फोन केला. तो म्हणाला, येतो, पण टोमॅटोची रोपं लावून झाली की येतो. आणि आला जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिशवीत दोन पान्हे, घरी गाळलेल्या राकियाची एक बाटली, आणि रुम्यानाने भाजून दिलेला चीजचा बनित्सा. रुम्याना म्हणजे त्याची बायको. पहिल्याच दिवशी नळ काढताना आम्ही जिन्यावरच्या सगळ्या घरांचं पाणी घालवलं, दोन दिवस सहा मजले बादल्या घेऊन खाली-वर. शिव्या अशा ऐकल्या, मिस्त्री, की ड्रायव्हर असून मला त्यातल्या दोन नवीन होत्या.

थांबा, ती दोरी बाहेर आहे तोवर एक करा — मला तेवढी तोडून देता का? नाही, मोजायला नको. नुसती हवीय. एवढी, बघा, जमिनीपासून तुमच्या कपाळापर्यंत — नाही, तुम्ही नका उभे राहू, मी अंदाजाने सांगतो. हां, इथे कापा. छान. पांढरीच आहे, तीही पांढरीच होती. जरा मळवावी लागेल. इथे एक गाठ... आणि इथे एक.

ती म्हणजे कोणती? सांगतो ना. टेप हरवला होता आमचा. हाच, पिवळा. सगळं घर उलटं केलं, कामेन म्हणे तू घेतलास, मी म्हणे तू घेतलास. आणि वर टांगायच्या कपाटाची उंची तर ठरवायचीच होती, कारण झिव्का बुटकी, मी लांब, मागचं कपाट माझ्या हिशेबाने लावलेलं, तर वीस वर्षं बिचारी स्टुलावर चढून मीठ काढायची. कामेन आणि ती अगदी एका उंचीची. म्हटलं, तू हो झिव्का, उभा राहा इथं. पण भिंतीला टेकून उभा कसा राहणार, टाइलचं केमिकल ओलं होतं. दुपार, ऊन असं खिडकीतून सरळ आत, त्याची सावली भिंतीवर स्वच्छ पडलेली, टोपीसकट. मी म्हटलं, टोपी काढ आणि हलू नकोस. दोरी घेतली, खाली एक गाठ, सावलीच्या डोक्याशी एक गाठ. झालं माप!

तुमचं तोंड बघूनच कळतंय मला. तुम्ही याच धंद्यातले, तुम्हाला काय सांगायचं — जुने गवंडी म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याची सावली दोरीने मोजायचे आणि ती दोरी भिंतीत चिणायचे. भिंत पक्की होते, आणि माणूस चाळीस दिवसांत जातो. लहानपणी आम्हाला आई चालू बांधकामाजवळून हाताला धरून पळवायची. पण ते लहानपणी. मी चौसष्ट वर्षांचा, कामेन एकोणसाठ, आम्हाला डोक्यात फक्त कपाट. आठवलं कुणाला? खालच्या मजल्यावरच्या स्तोयनाकाकूला. ती वरून धूळ पडते म्हणून भांडायला आली होती, दार उघडंच होतं. दारातच थबकली, छातीवर क्रूस केला, तीन वेळा थू थू केलं, म्हणाली, "अरे मेल्यांनो, जिवंत माणसाची सावली मोजता?" कामेन काय म्हणाला माहितीय? म्हणाला, "काकू, माझ्या सावलीने याची भिंत सरळ होत असेल तर होऊ दे. नाहीतर याच्याच्याने काही ती सरळ व्हायची नाही." आम्ही तिघंही हसलो. ती पण हसली, आता नाही म्हणते, पण हसली होती.

मग संध्याकाळी हा कोपरा बंद केला, हाच, पाइपाभोवतीचा. आवाज येतो ना पाइपाचा, वरच्या मजल्यावर कुणी संडासात गेलं की आपल्या कॉफीच्या कपाशेजारून जातं — म्हणून आत चिंध्या कोंबल्या, वर्तमानपत्रं कोंबली, जे हाताला लागेल ते, आणि वरून बोर्ड मारला, वरून टाइल. ती दोरीही मी आत कोंबली. माझ्या डोळ्यांसमोर आहे, ही अशी बोटांनी. आता पुढचं तुम्हीच जोडा. पंधरा दिवसांनी कामेन गेला. टोमॅटोच्या वाफ्यात. रुम्याना पाणी सोडायला गेली तर पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलेलं आणि हा उठत नाही.

मला तसं काही वाटत नाही, मिस्त्री. म्हणजे खरंच नाही वाटत. लोक विचारतात, मी म्हणतो ठीक आहे. पुरताना ठीक होतो, गव्हाच्या घुगऱ्या वाटताना ठीक होतो, कागदाची खळ मीच केली, मीच लावला दारावर, सरळ लावला, पाणसळ धरून. रडू आलं नाही. पायात मुंग्या आल्यावर चालताना कसं, पाऊल पडतंय ते दिसतं पण लागत नाही — तसं. जेवतो. बातम्या बघतो.

तर स्तोयनाकाकू आली होती मयताला, आणि तिने ते सांगितलं. रुम्यानाला. सावलीचं. रुम्याना शिकलेली बाई आहे हो, पोस्टात होती, पण तिने ते धरलंच. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, ती भिंत फोडा. ती दोरी मला आणून द्या, मी त्याच्या पायाशी पुरते, त्याशिवाय तो सुटायचा नाही आणि मी पण नाही." रागावून नाही हं. मला एक शब्द वाकडा बोलली नाही. म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत." मी घरी आलो, कपडेही बदलले नाहीत, छिन्नी घेतली. ही टाइल लावताना आठ दिवस लागले होते, निघायला दहा मिनिटं. आधी चिंध्या निघाल्या. मग पेपर. मग हा टेप निघाला! आत, प्लॅस्टरमध्ये, उभा. त्या पाइपाला टेकवून ठेवला असणार आम्ही कुणीतरी, आणि वरून बंद करून टाकलं. टेप शोधता शोधता टेपच भिंतीत चिणला. मी तिथं जमिनीवर बसलो आणि — कामेनला फोन लावायला गेलो, सांगायला. नंबर लागला पण. रुम्यानाने उचलला. मी म्हटलं, चुकून लागला.

दोरी? दोरी नव्हती. म्हणून तर अजून फोडलं, पन्नासाचं साठ केलं. नव्हतीच.

काय म्हणता — कपाट उतरवावं लागेल? हो, त्याच्यामागची टाइलही तडकलीय. उतरवू ना, जड आहे, खरं लाकूड आहे, भुसा नाही. असं करा, तुम्ही खालून खांदा द्या, वरचे स्क्रू मी सोडवतो, दोनच आहेत. धरलंत? हां... हा उजवा आला. तुम्ही धरून ठेवा, डावा जरा आडवा बसलाय, तो कामेनने बसवलेला. त्याचे स्क्रू असेच. एक मिनिट.

आणि दोरी कुठे होती, ते ऐका. मागच्या शनिवारी गेलो मी गावी, रुम्यानाला सांगायला की नाही सापडली. तिने आत बसवलं, म्हणाली, सॅलडला चार टोमॅटो घेऊन या, तुम्हीच या तोडून, मी नाही जात तिकडे. गेलो मागे वाफ्यात. यंदा टोमॅटो काय लगडलेत, ह्या एवढाले, फांद्या मोडताहेत. आणि पाचव्या का सहाव्या रोपाला, काठीशी बांधलेली — ही अशी पांढरी दोरी, केमिकलचा निळसर डाग, आणि दोन गाठी. खाली एक, वर एक. मी केलेल्या. काढून घेतली असणार त्याने चिंध्यांतून, मी वळलो तेव्हा. चांगली दोरी वाया कशाला घालवायची! असाच होता, लग्नातल्या पुष्पगुच्छांची सुतळीसुद्धा घरी न्यायचा. म्हणजे ती भिंतीत कधी गेलीच नाही. एक दिवससुद्धा नाही. त्याची सावली त्याच्याच टोमॅटोला बांधलेली.

— हो हो, एक मिनिट, पेचकस घसरतोय याच्यावरून. धरा तुम्ही.

मी चार टोमॅटो घेतले, आत गेलो, म्हटलं, अजून फोडली नाही भिंत, वेळ नाही मिळाला. का? का खोटं बोललो? अहो, तिला काय सांगू — दोरी भिंतीत नव्हती? मग ती लगेच विचारणार ना: मग कशाने गेला? आता तिच्याकडे उत्तर आहे एक. वेडगळ आहे, पण आहे. भिंतीने नेला. भिंतीला शिव्या घालते, आणि रात्री झोपते. त्यात कुणाचं काय जातं? म्हणून ही दोरी. आज साडेतीनच्या बसने जायचं, तिच्या हातात द्यायची, म्हणायचं, घे, सापडली. दोन गाठी आहेत. ती काही मोजून बघणार नाही. तिने पुरली की झालं. भिंत तुम्ही बंद कराल, झिव्का येईल, तिला म्हणेन हे बघ तुझं नवीन स्वयंपाकघर, मीठ हाताशी.

मीठ हाताशी बरं का, आत्ता. पहिल्यांदा नव्हतं. अहो, सावलीने कुणी उंची मोजतं का? ऊन वरून खाली येतं, भिंतीवरची सावली माणसाहून बुटकी. आम्हाला काय कळतंय! कपाट टांगलं, तर एवढं खाली, की कामेन भांडं घासायला वाकला आणि कपाळ आपटलं. हात दाखवून अवलक्षण! तर परत उतरवा, परत वर टांगा, वीतभर. म्हणजे नवीन भोकं. आणि या बिल्डिंगच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत, सगळं काँक्रीट, माझं ड्रिल नुसतं किंचाळतं, आत जात नाही, टोक लाल झालं. एका बाजूने कपाट एका स्क्रूवर लटकलेलं, दुसऱ्या बाजूने कामेनच्या खांद्यावर. सोडलं असतं तर स्क्रू लाकूड फाडून बाहेर आला असता. मी म्हटलं, दोन मिनिटं धर, स्तोयनाकाकूकडे तिच्या नवऱ्याचं हॅमर ड्रिल आहे, घेऊन येतो. एकच तर मजला.

आता ऐका, ही गंमत आम्ही नंतर किती जणांना सांगितली. काकू म्हणाली, ड्रिल तळघरात आहे. तळघराची किल्ली कुठे? सापडेना. मग म्हणाली, बस, कॉफी पी, आठवेल. मी बसलो. नाही कसं म्हणणार, ड्रिल हवं होतं. मग तिने नवऱ्याचं सगळं सांगितलं, ड्रिल कधी घेतलं, कुठून घेतलं, त्याने शेवटचं भोक कुठे पाडलं. मग किल्ली तिच्या एप्रनच्याच खिशात. मग तळघर, मग परत सहा मजले, लिफ्ट बंद. वर आलो तर पंचवीस मिनिटं झालेली. आणि कामेन उभा! तसाच! कपाट खांद्यावर, टोपी ओली चिंब. मला म्हणतो, "मला वाटलं तू झिव्काला भेटायला स्पेनला गेलास." हसलो आम्ही, काय हसलो. तो हसताना कसा — दात आवळून. मग म्हणाला, "नायदेन, हात." मी म्हटलं, थांब, आता आलंय ना ड्रिल. परत म्हणाला, "अरे हात गेलाय माझा, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि इथं छातीवर कपाट ठेवल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, कपाट तर खांद्यावर आहे, छातीवर कसं येईल? धर अजून दोन मिनिटं, दोन भोकं, संपलं. धरलं त्याने. पांढरा झाला होता, ओठ वगैरे. मग उतरल्यावर खांद्याला राकिया चोळली मी, चांगली, बापाने घोड्याला चोळायचा तशी, एक घोट आत, आणि म्हटलं बघ, झाला की नाही बरा. तो म्हणाला, झाला. कपाट बघितलं, म्हणाला, सरळ आहे रे. संध्याकाळच्या बसने गेला. पिशवी उजव्या हातात घेऊन गेला. नेहमी डाव्या हातात असायची.

डॉक्टरांनी — तो तालुक्याचा डॉक्टर, पोरसवदा, चष्म्यातून बघत नाही, वरून बघतो — त्याने उघडून बघितलं तेव्हा सांगितलं, हा झटका एकदम नाही आला. दोनेक आठवड्यांपूर्वी एक येऊन गेला असणार. लहान. तेव्हा आणलं असतं तर. म्हणाला, यांनी कधी काही तक्रार केली होती का, हात, छाती? रुम्यानाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "भाऊजी, तेव्हा तर ते तुमच्याकडेच होते. काही म्हणाले होते का?"

मी म्हटलं नाही. काही नाही म्हणाला.

आणि तिला बरं वाटलं ते ऐकून, मी बघितलं ना, तिचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाली, म्हणजे कळलंच नाही त्यांना. मी म्हटलं, कळलंच नाही. आता चाळीस दिवस ती सगळ्यांना तेच सांगते, कळलंच नाही, कळलंच नाही, आणि मी शेजारी बसून मान हलवतो. मला — अहो — हो हो, एक मिनिट म्हटलं ना, सुटतोच आहे हा —

अरे. तुम्ही अजून धरूनच उभे आहात?

सोडा. ठेवा खाली. पडू दे, फुटलं तर फुटलं, पडू दे म्हणतो ना! ठेव ते! ठेव, बस इथं, बस या डब्यावर. कुठला हात? डावा? मूठ मिट. परत मिट. बोटं कळताहेत? छातीत काही? नक्की? माझ्याकडे बघून सांग. घामाने भिजलास की रे. दुखत होतं तर बोलायचं ना! ओरडायचं, शिवी घालायची, सोडून द्यायचं सरळ — कपाटच तर आहे —

बोललात? दोनदा?

हं.

ही घ्या, मिस्त्री. तुमची दोरी. गाठी तेवढ्या तुम्हीच सोडवून घ्या. नको मला, मी असाच जातो तिच्याकडे, मोकळ्या हाताने. नाही, भिंत राहू दे तशी उघडी, आज नका करू काही. पाणी प्या आणि जरा वेळ बसून मग उतरा जिना, घाई करू नका. माझी साडेतीनची बस आहे. जाताना दार ओढून घ्या.